ब्रेक राहू दे, पैसे मागच्या चाकात घाल

काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मूळचा कराडचा, सध्या पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो, कॉलेज शिवाजीनगरला. इंटर्नशिपचे १५ हजार साठलेत आणि त्यात फिक्स्ड गिअर सायकल, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतं ती फिक्सी, घ्यायची आहे. रूममेट म्हणतो, ऑनलाइन ९ हजारात मिळते, रंगीत टायर आणि जाड रिमवाली, ती घे. आमच्या गल्लीतला सायकलवाला म्हणतो, कुठलीही जुनी सायकल आण, फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग, वेल्ड करून ७०० रुपयांत फिक्सी करून देतो. गावी मामांची काळी ॲटलस पडून आहे, तीही आणता येईल. मला टिकाऊ हवी, सारखं दुकानात न्यायला लागू नये. आणि ब्रेक काढून टाकले तर चालतील ना? व्हिडिओत कुणीच लावत नाही.
– फिक्सीवेडा, कर्वेनगर

अरे फिक्सीवेड्या,

शेवटचा प्रश्न आधी घेतो. ब्रेक काढायचे नाहीत. पुढचा नाही, मागचाही नाही.

तू इंजिनिअरिंगचा, म्हणून कारणासकट सांगतो. सायकल थांबायला लागली की वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं चाक हलकं पडतं. फिक्सीत पाय उलटे दाबून तू फक्त मागचं चाक आवरतोस, म्हणजे त्या क्षणी ज्याची रस्त्यावर पकड कमी झालेली असते नेमकं तेच. ते सर्रकन घसरतं, व्हिडिओत झकास दिसतं, पण सायकल थांबायची तिथे थांबत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नकोस. शिवाय हे सगळं चेन जागेवर आहे तोवर. फिक्सीत चेन हाच ब्रेक असतो; ती पडली किंवा तुटली की तुझ्याकडे चपला सोडून काही उरत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवरच्या सायकलींना ब्रेक नसतात हे खरं आहे. जपानमध्ये केरिनच्या शर्यती १९४८ पासून चालतात, ऑलिम्पिकमध्ये केरिन २००० सालच्या सिडनीपासून आहे, आणि त्या सायकली बिनब्रेकच्याच. पण ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. कर्वे रोडवर ती सोय नाही.

आता टिकाऊपणाचं. फिक्सी निवडलीस ते त्या बाबतीत चांगलंच केलंस, कारण तिच्यात बिघडण्यासारखं मुळातच थोडं असतं. गिअरच्या तारा नाहीत, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर नाही, फ्रीव्हीलमधली कुत्री, म्हणजे आतले खटके, झिजायची भानगड नाही. कमी पैशांत दणकट सायकल हा हिशेब इथे जमू शकतो. फक्त जे थोडं उरतं त्याला काम दुप्पट लागतं. साध्या सायकलीत जोर एकाच दिशेने जातो. फिक्सीत पुढे पायडल मारलंस की चेन वरून ताणली जाते, पाय मागे दाबलास की खालून. दिवसभर हा ओढा आणि उलटा ओढा चालू असतो आणि तो सगळा जाऊन बसतो मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आट्यांवर. म्हणून रंग, जाड रिम, बारीकसं हँडल हे सगळं नंतर बघू. पैसे आधी मागच्या चाकात घाल.

दुकानात गेलास की वाकून मागच्या हबकडे बघ. खऱ्या ट्रॅक हबला कॉगच्या बाजूला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, तिच्यावर दातांची चकती म्हणजे कॉग बसतो. बाहेरची किंचित लहान, तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला अडवून धरणारी कडी. या दोन पायऱ्यांचे आटे एकमेकांच्या उलट कापलेले असतात आणि सगळी करामत तिथेच आहे. कॉगचे आटे नेहमीसारखे सरळ, त्यामुळे पुढे पायडल मारताना तो आणखी घट्ट होत जातो. उलटा जोर दिला की तो सुटायला बघतो, पण सुटता सुटता शेजारच्या लॉकरिंगला बरोबर फिरवू पाहतो. लॉकरिंगचे आटे उलटे असल्यामुळे ती त्याच फिरण्यानं आवळली जाते आणि कॉगला जागेवर दाबून धरते. शंभर वर्षांहून जुनी युक्ती आहे, अजून कुणाला तिच्यात फार सुधारणा करावी लागलेली नाही.

दुकानदाराला म्हण, लॉकरिंग काढून दाखवा. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सुटते. तो नेहमीच्या सवयीने उलट्या दिशेने जोर लावायला लागला, तर त्याच्या हातून फिक्सी फारशा गेलेल्या नाहीत असं समज. सायकल चांगली असेल तर घे, पण बसवण्याचं काम दुसऱ्याकडून करून घे. रिंग निघाली की आटे नीट बघ, हवं तर मोबाईलचा टॉर्च मार. कडा स्पष्ट आणि सगळीकडे सारख्या हव्यात. कुठे गोलसर झाल्या असतील, बोटाला ॲल्युमिनियमचा चुरा लागत असेल, तर हब गेला. या हबचे आटे एकदा गेले की दुरुस्ती नाही. नवा हब घ्या, सगळे स्पोक सोडा आणि चाक पुन्हा बांधा.

चाक चांगलं निघालं तरी सायकल खोक्यातून आली म्हणजे कॉग आवळलेला असणारच, असं धरून चालू नकोस. आट्यांना ग्रीस लावून कॉग चेनच्या पान्यानं करकचून आवळून घे, वर लॉकरिंग हुकच्या पान्यानं. मग एखादा चढ चढून ये. वेताळ टेकडीवरचा एआरएआयचा रस्ता तुला जवळ आहे. सीटवरून उठून चढ, तुझ्या वजनाने कॉग शेवटपर्यंत जाऊन बसतो. उतरताना ब्रेकच वापर, पाय नुसते फिरू देत. खाली आलास की लॉकरिंगला पुन्हा पाना लाव. ती आणखी थोडी फिरते, बघशील. हे झाल्याशिवाय पायाने सायकल आवरायची नाही.

हे कळलं की ७०० रुपयांच्या वेल्डिंगचं काय करायचं ते तुझं तुलाच कळेल. फ्रीव्हीलवर दोन टाके मारले की ते आतल्या आत जाम होतं, चाकाबरोबर पायडल फिरायला लागतं आणि फिक्सी झाल्यासारखं वाटतं. पण टाका बसतो फ्रीव्हीलच्या दोन भागांत. फ्रीव्हील आणि हब यांच्यामधला जोड अजून नुसत्या आट्यांचाच असतो आणि साध्या हबला लॉकरिंगची पायरीच नसते. कुणी चलाखी करून तिथे बीबीची, म्हणजे पायडलच्या मधल्या आसाची, रिंग चढवतात. तिचे आटे कॉगच्याच दिशेचे, त्यामुळे कॉग निघाला की तीही मागोमाग निघते. म्हणजे एखादी रिक्षा आडवी आली, तू जीव खाऊन पाय उलटे दाबलेस, की सगळं लटांबर गरकन सुटणार आणि पाय मोकळे फिरणार. सायकलवाला म्हणेल, मग हबलाच वेल्ड मारतो. मारेल बिचारा, पण त्या उष्णतेनं वाटी-कोनची वाट लागते आणि कॉग झिजल्यावर बदलायचा रस्ताही बंद होतो. सायकलवाल्याला नमस्कार कर आणि पंक्चरसाठी त्याच्याकडेच जात जा.

मामांच्या ॲटलसबद्दल मला जरा जास्त वाटतं. तिच्या मागच्या खाचा, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या, मागच्या बाजूला उघड्या असतात, चेन ताणायला याहून सोपी रचना नाही, आणि तिची अर्धा इंच बाय एक अष्टमांशची चेन ट्रॅकच्या कॉगवरही चालते. एवढं वाचून हुरळू नकोस. तिच्या दांड्यांच्या ब्रेकचे रबर रिमला आतून, हबच्या बाजूने दाबतात. तारेचे ब्रेक तसल्या रिमवर लागत नाहीत. चाक २८ इंची म्हणतात, पण रिम ६३५ मिलिमीटरची, आजच्या ७०० सी चाकाची ६२२. दिसायला सारखी, टायर मात्र एकाचा दुसऱ्याला होत नाही. मागच्या चिमट्यातली जागाही ट्रॅक हबला अपुरी पडते, तो फाकवावा लागतो. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, कॉटर पिनीवरचे, त्यांना असा दोन्ही बाजूंचा जोर सोसत नाही. थोड्याच दिवसांत पायात खटखट सुरू होते. म्हणजे दोन चाकं, क्रँक, बीबी आणि ब्रेक एवढं बदलायचं. मग मामांचं राहिलं काय, फ्रेम आणि घंटी? ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला. गावी ती पडून गंजण्यापेक्षा ओव्हरहॉलिंग करून पुण्यात आण आणि आहे तशी चालव. डबा, भाजी, डबलसीट मित्र, सगळं निमूट वाहून नेते.

तर घ्यायची काय? माझं मत स्पष्ट आहे. स्टीलची फ्रेम, फ्लिप-फ्लॉप हब, दोन्ही ब्रेक बसवलेले, अशी तयार सिंगल स्पीड सायकल. फ्लिप-फ्लॉप म्हणजे चाकाच्या एका बाजूला फिक्स्ड कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. चाक काढून उलटं बसवलं की सायकल बदलते. मागचा ब्रेकही ठेव असं म्हणालो ते त्यासाठीच. फ्रीव्हीलच्या बाजूला असताना पायाचा ब्रेक नसतोच.

रूममेटवाली ९ हजारांची यात बसत असेल तर मला तिचं वावडं नाही. मात्र पुढच्या चिमट्याला ब्रेकचं भोक आहे का, ते आधी बघ. पुढच्या रिमच्या कडा घासून सपाट केलेल्या आहेत का, तेही बघ. पूर्ण रंगवलेल्या रिमवर ब्रेक लावला की आधी रंग निघतो, आणि ओल्या दिवशी रबर नुसते सरकतात. रंगीत टायर काढायला लाव, साधे काळे मागून घे. जाड रिमनं वजन वाढतं आणि लांब वॉल्व्हची ट्यूब शोधत फिरावं लागतं, एवढंच. आवडत असेल तर घे बाबा.

फ्रेमचं धातुशास्त्र थोडक्यात. क्रोमोली, म्हणजे मजबूत मिश्र स्टीलची, मिळाली तर सोन्याहून पिवळं. तुझ्या पैशांत बहुधा साधं हाय-टेन्साइल स्टील मिळेल, थोडं जड, पण पुण्याच्या खड्ड्यांना पुरून उरणारं. पावसात भिजली की सीट पोस्ट उपसून सायकल उलटी कर, फ्रेममध्ये किती पाणी जातं ते दिसेल. वाळल्यावर पोस्टला ग्रीस लावूनच परत घाल, नाहीतर पोस्ट आत गंजून धरून बसते. फ्रेमच्या मागच्या खाचा मात्र आडव्या हव्यात, मागे उघड्या किंवा तिरक्या पुढे उघड्या. उभ्या खाचा असतील तर सायकल फुकट मिळाली तरी सोड. फिक्सीची चेन चाक मागेपुढे सरकवूनच ताणायची असते, डिरेलरसारखा टेन्शनर तिला चालत नाही, पाय उलटा दाबला की तोच मोडतो. चेन मधोमध बोटाने वरखाली हलवली तर अर्धा इंच हलावी. पायडल पूर्ण फिरवून बघ, कारण पुढची चकती कधीच शंभर टक्के गोल नसते. एका जागी चेन आवळते, दुसरीकडे सैल पडते. जिथे जास्त आवळते तिथलं माप धरायचं. फार ताणलीस तर कुरकुर ऐकू येईल आणि छर्रे लवकर जातील. सैल ठेवलीस तर कधीतरी खड्ड्यात पडेल, आणि फिक्सीत पडलेली चेन मागच्या चाकात अडकू शकते. मागून एका डोळ्याने बघ, पुढची चकती, चेन आणि कॉग एका रेषेत हवेत.

गिअर किती, हे तू विचारलं नाहीस, पण पुढे तेच विचारशील. पुढे ४४ आणि मागे १७ दात घे. कर्वेनगर ते शिवाजीनगर रस्ता जवळपास सपाट, त्यावर हे छान पळतं. मिनिटाला ९० वेळा पाय फिरवलेस तर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. याहून जड गिअर लावायची हौस तरुण मुलांना असते. मग सिग्नलवरून निघताना आणि थांबताना, दोन्ही वेळा गुडघे बोंबलतात. हाच गिअर घेऊन कात्रजच्या जुन्या घाटात उतरलास आणि वेग ४० वर गेला, तर पाय मिनिटाला १२० च्या घरात फिरतील, आणि थांबवता येणार नाहीत. तिकडे जायचं असेल तर चाक उलटं करून फ्रीव्हीलवर जा. लाज वाटायचं कारण नाही. टूर द फ्रान्सच्या शर्यतवीरांनाही १९३७ पर्यंत डिरेलर वापरू देत नसत, परवानगी मिळाल्यावर कुणी तो नाकारत बसलं नाही.

आणि १७ च का? तू मागचं चाक घसरवणारच आहेस, मी कितीही ओरडलो तरी. घसरवताना पाय ठरावीक जागी असतात, म्हणून टायरही ठरावीक जागीच घासतो. त्या जागा किती, हे दातांच्या गुणोत्तरावर ठरतं: अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिलं की छेद उरतो तेवढ्या जागा. ४८ आणि १६ म्हणजे ३ आणि १, टायर दर वेळी एकाच ठिकाणी घासणार, बाकीचा नवा कोरा असताना तिथून दोरे दिसायला लागणार. ४४ आणि १६ ला चार जागा. ४६ आणि १६ ला आठ. ४४ आणि १७ ला सतरा. टायरचे पैसे तुझ्याच खिशातून जाणार आहेत, म्हणून गणित सांगितलं.

टायर २८ मिलिमीटर रुंदीचे तरी हवेत, फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ चे. तेवीसचे बारीक टायर मेट्रोच्या खालच्या रस्त्यांवर रोज पंक्चर देतील. वॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर पितळी ॲडॅप्टर किल्ल्यांच्या जुडग्यात लावून ठेव, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे तो असेलच असं नाही. क्रँक १६५ मिलिमीटरचे मिळाले तर बघ. वळणावर पाय थांबवता येत नाहीत, आणि लांब क्रँक असला की आतलं पायडल रस्त्याला टेकतं.

जुनी घ्यायची तयारी असेल तर याच पैशात चढ्या दर्जाची सायकल मिळेल. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे नजर टाकायला हरकत नाही. पण मूळ बिल किंवा विकणाऱ्याचं नाव-पत्ता असलेली पावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नकोस. स्वस्त दिसणारी सायकल कुणाच्या पार्किंगमधून आलेली असू शकते. खिशात सात-आठ फूट दोरा ने. मागच्या डाव्या खाचेला टोक बांध, दोरा पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा दे आणि उजव्या खाचेपर्यंत परत आण. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंना दोऱ्याचं अंतर मोज. सारखं असेल तर फ्रेम सरळ. तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर कधीतरी जोरात आपटलेली आहे. हँडलखाली, जिथे खालची नळी येऊन मिळते, तिथे नळीच्या पोटाला बोट फिरव. रंगाला सुरकुती असेल तर सायकल समोरून धडकलेली आहे, दुकानदार काहीही सांगो.

पैशांचं असं कर. १५ पैकी ३ हजार आधीच बाजूला काढ, सायकल बघायला जाताना ते नेऊच नकोस. त्यात हेल्मेट, चांगलं कुलूप, पुढचा-मागचा दिवा, पंप आणि पंधराचा पाना. ट्रॅक हबचे मागचे नट बहुधा पंधराच्या पान्याचेच असतात. तो नसेल तर पंक्चर झाल्यावर चाकच निघणार नाही. उरलेल्या १२ मध्ये सायकल, आणि सायकल ९ ची असेल तर वरचे पैसे लगेच उडवू नकोस. सोबत आलेला कॉग मऊ निघाला तर चांगला स्टीलचा कॉग आणि लॉकरिंग त्यातून घे. सुदैवाने चेन स्वस्त आहे, साध्या काळ्या सायकलीची चालते.

पहिले पंधरा दिवस फ्रीव्हीलवरच चालव, रस्ता आणि सायकल ओळखीची होऊ दे. मग चाक उलटं कर आणि सकाळी कॉलेजच्या रिकाम्या मैदानावर जा. पहिल्याच मिनिटाला तू सवयीने पाय थांबवशील आणि सायकल तुला सीटवरून उचलेल. सगळ्यांचं होतं. स्पीडब्रेकर आला की पाय फिरतेच ठेवून नुसतं सीटवरून उठायचं. पायडलला पट्टे लाव, पाय घसरून फिरतं पायडल नडगीवर बसलं की काय होतं ते शब्दांत सांगत नाही. बुटाच्या नाड्या आत खोच, उजव्या पायाच्या पँटला क्लिप.

आणि एक गोष्ट आईला नाही सांगितलीस तरी चालेल, पण तू विसरू नकोस. साध्या सायकलीची चेन आपण पायडल फिरवत फडक्याने पुसतो. फिक्सीत फिरणारं चाक चेनला थांबू देत नाही, फडकं कॉगमध्ये ओढलं जातं आणि मागोमाग बोटं जातात, माणसांची बोटं अशी तुटलेली आहेत. चेन पुसताना चाक पूर्ण थांबलेलं हवं. चार इंच पुसायची, फडकं बाजूला घ्यायचं, चाक थोडं ढकलायचं, ते थांबलं की पुढचे चार इंच.